कुलूप लावून निघालेला माणूस

नंदनवन, नागपूर
२९ जून २०२५

गोपिका,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं हे गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं. वडिलांना तीर्थरूप, मोठ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना अनेक आशीर्वाद. रागावून भावाकडे जाऊन बसलेल्या बायकोला काय लिहायचं हे त्यांनी शिकवलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

फोन करायचा नाही असं तू जितेंद्रकरवी कळवलंस. "ताई म्हणते, भाऊजी फोनवर एकच गोष्ट विचारतात. लिहाचं असन तर पत्र लिहा." बरं. नंदनवन ते कन्हान वीस-बावीस किलोमीटर. टपालाला चार दिवस लागतात. लागू देत.

मी रागावलो आहे, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढच्या ओळीत मऊ होईन. दिपालीच्या साक्षगंधाला मला उशीर झाला हे मी नाकारत नाही. कामठी रोडवर पुलाचं काम सुरू आहे, गाड्या तासतासभर अडकतात. हे मी हॉलवर पोचल्यावर सगळ्यांना सांगितलंही. पण माझ्याआधी तू सांगून मोकळी झाली होतीस. दुर्गेशच्या आईनं विचारलं, "व्याही कुठं आहेत?" आणि तू चाळीस माणसांसमोर म्हणालीस, "घरी कुलूप पाहून राहिले. तिसऱ्यांदा वापस गेले."

तुझेच शब्द मला जितेंद्रच्या बायकोनं सांगितले, आणि सांगताना ती तोंडाला पदर लावून हसत होती.

मुलीच्या बापानं जावयाला टिळा लावायचा असतो. तो जितेंद्रनं लावला. मी पोचलो तेव्हा लोक जेवायला बसले होते आणि माझ्याकडे असे पाहत होते जसे दवाखान्यातून सुटून आलेल्या माणसाकडे पाहतात. सव्वीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तू माझी लाज कधी काढली नव्हतीस. काढायची होती तर घरी काढायचीस, मुलीच्या सासरच्यांसमोर का?

आणि संध्याकाळी तू स्कूटरवर बसलीच नाहीस. "मी राहतो इथं काही दिवस," म्हणालीस. आता एकवीस दिवस झाले. घर ठीक आहे. डबा लावला आहे. वाचनालयात कामाला जातो, येतो.

मुकुंद

ता.क. – साक्षगंधाच्या सकाळी पोहे झाल्यावर गॅसचा रेग्युलेटर तू बंद केलास की मी? मला आठवतं की तूच. एवढंच कळव.


नंदनवन
१४ जुलै २०२५

गोपिका,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. प्रकृती ठीक, दिपालीचे ब्लाउज शिवायला टाकले, ता.क.चं उत्तर देणार नाही, डॉक्टरला दाखवा.

उत्तर द्यायला तुला काय लागत होतं? 'मी' किंवा 'तुम्ही', एक शब्द. कार्डावर जागा होती. मी बोट ठेवून पाहिलं, दोन ओळींची जागा कोरी होती. त्या दिवसाला महिना उलटून गेला आहे, घर उभं आहे, म्हणजे रेग्युलेटर बंदच होता. हे मला कळतं. मी काही वेडा नाही. तरी ती कोरी जागा मी दिवसभर पाहत बसलो. तुला ठाऊक असणार की मी पाहत बसेन, आणि तरी ती कोरी ठेवलीस.

काल रविवार. दिपाली वर्ध्याहून आली होती. म्हणाली, "बाबा, तुमच्या मोबाईलमधले साक्षगंधाचे फोटो द्या ना." मी मोबाईल दिला आणि मग आठवलं. पण तोवर तिनं उघडलं होतं.

"बाबा, हे काय होय?"

"आपली शेगडी."

"अन् हे?"

"कुलूप."

ती बोटानं वर वर सरकवत राहिली. शेगडी, रेग्युलेटर, कुलूप, पुन्हा शेगडी. तू कंटाळलीस तेव्हापासून मी फोटो काढायला लागलो होतो, तुला त्रास नको म्हणून. वाटलं होतं, वाचनालयात शंका आली की फोटो पाहायचा आणि गप्प बसायचं. आठवडाभर चाललं. मग वाटायला लागलं की हा फोटो आजचा की कालचा. मग तारीख पाहायची. मग वाटायचं, फोटो काढल्यावर हात तर लागला नसेल? अकराशेच्या वर फोटो आहेत असं दिपालीनं सांगितलं. मग म्हणाली, "माझा एकबी नाही याच्यात."

खरंच नव्हता. तिचं साक्षगंध ८ जूनला झालं, आणि ८ तारखेचे सत्तावीस फोटो आहेत, सगळे स्वयंपाकघरातले.

तिनं उठून चहा केला. चहा गाळल्यावर तिनं शेगडी बंद केली, रेग्युलेटर बंद केला आणि मला हाक मारली, "या बाबा, पाहून घ्या." रागानं नाही. पाहुण्याला पानावर बोलावतात तशी. अगदी तुझ्यासारखी. मी गेलो, पाहिलं, आणि तिथं उभ्या उभ्या मला कळलं की तू गेलीस तर हे काम मुलीला लागलं.

म्हणून खरं लिहितो. पुलाचं काम चालू आहे, पण मी त्यात अडकलो नव्हतो. तुम्ही सगळे जितेंद्रच्या गाडीनं पुढे गेलात, मी स्कूटरनं मागून निघालो. इंदोरा चौकातून परत आलो. मग ऑटोमोटिव्ह चौकातून परत आलो. तिसऱ्यांदा, तुला फोनवर सांगून, आत आलो तेव्हा ठरवलं की आता एकदाच असं पाहायचं की पुन्हा शंकाच येऊ नये. स्वयंपाकघरात फरशीवर बसलो आणि रेग्युलेटरकडे पाहत राहिलो. नव्या शर्टात. चाळीस मिनिटं. तिकडे टिळा लागत होता हे मला माहीत होतं. घड्याळ समोरच होतं.

या पत्राला ता.क. नाही. मनात आहे, पण लिहिला नाही.

मुकुंद


नंदनवन
४ ऑगस्ट २०२५

गोपिका,

दाखवलं डॉक्टरला. डॉक्टरीणबाई आहेत, करिष्मा नाव, दिपालीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मला वाटलं होतं लांब दाढीचा कोणी गंभीर माणूस असेल. त्यांनी विचारलं, लहानपणी घराला आग लागली होती का? चोरी झाली होती का? मी म्हटलं, आमच्या गावात कधी आग लागली नाही, आणि माझ्या वडिलांच्या, बापूजींच्या घराला कुलूपच नव्हतं. दाराला नुसती कडी होती. शेतावर जाताना बापूजी कडी लावायचे ती कुत्रं आत शिरू नये म्हणून. त्यांनी जन्मात मागे वळून दाराकडे पाहिलं नाही. बाईंनी ते लिहून घेतलं. कारण सापडलं नाही म्हणून मलाच वाईट वाटलं. कारण असतं तर तुझ्यासमोर ठेवता आलं असतं.

गोळी दिली आहे, रोज एक. तीन-चार आठवडे काही वाटणार नाही म्हणाल्या. आणि घरचा अभ्यास दिला आहे, शाळेसारखा. कुलूप एकदा ओढायचं आणि निघायचं. परत यायचं नाही. कोणाला विचारायचं नाही. फोटो काढायचा नाही. "शंका आली तर?" मी विचारलं. "येऊ द्यायची. उत्तर द्यायचं नाही. खाजवलं की खाज वाढते, तसं आहे ते." मी म्हटलं, बाई, खाजेनं घर जळत नाही. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

समोरच्या पार्वतीबाईंना तू ओळखतेस. तू गेल्यापासून त्या ओट्यावरून पहारा करतात. मी कुलूप ओढतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो, ओढतो. त्या ओरडतात, "लागलं हो मुकुंदभाऊ, लागलं! आता जा!" सगळी गल्ली ऐकते. आता डॉक्टरीणबाईंनी तेही बंद करायला सांगितलं. मी पार्वतीबाईंना जाऊन सांगितलं की यापुढे काही म्हणू नका.

"मंग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू."

"असं कसं बाप्पा? माणूस इचारून राहिला माह्या तोंडाकडे पाहून, अन् मी मुकी बसू?"

"हो. डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टरले म्हणा, कुलूप तुटून जाईन एखाद दिवशी ओढून ओढून, मंग पाहा मजा."

दुसऱ्या दिवशी मी फाटकातून वळून पाहिलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता, दोन्ही हात. मी परत आलो, कुलूप ओढलं, पुन्हा वळून पाहिलं. हात तसेच. अकरा वेळा झालं, वाचनालयाला उशीर झाला, सक्करदऱ्याच्या तलावाजवळ स्कूटर थांबवून मी हँडलवर मुठी आपटल्या. कोणावर राग होता? बाईंवर, पार्वतीबाईंवर, तुझ्यावर. तुझ्यावर जास्त. तू असतीस तर 'बंद आहे' म्हणाली असतीस आणि मी वेळेवर गेलो असतो.

मग स्वतःलाच विचारलं, खरंच गेलो असतो का? तुला किती वेळा म्हणायला लावायचो? तीनदा. तिन्ही वेळा रेग्युलेटरवर हात ठेवून. आणि तुझ्या आवाजात कंटाळा असला की ते मोजायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या तोंडून निघालेला साधा शब्द मी काट्यावर तोलत होतो आणि तू तोलून देत होतीस. रोज.

एक आणखी. तुला वाटत असेल, देवापुढे मी दिवा लावतो. नाही लावत. दोन वर्षं झाली. तू माहेरी किंवा बाहेर असलीस की दिवाही नाही, उदबत्तीही नाही. फूल वाहतो, हात जोडतो, आणि देवाला म्हणतो, शेगडी बंद असू दे. गोपिका, किती वर्षांत मी देवाजवळ दुसरं काही मागितलेलंच नाही. दिपाली आजारी होती तेव्हाही हेच आधी, मग ती.

मुकुंद


नंदनवन
२४ ऑगस्ट २०२५

गोपिका,

तुझं पत्र परवा, पोळ्याच्या दिवशी आलं. या वेळी पाकीट होतं. वाचून मी ते घडी करून देवघरात ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

'या वर्षी महालक्ष्म्या कन्हानला बसवू. दुर्गेशच्या घरचे येणार आहेत. मुखवटे तुम्ही आणा. रविवारी दुपारी चारपर्यंत.'

तू हे काय केलंस हे तुला माहीत आहे. मुखवटे माझ्या आईचे. गावाहून इथं मीच आणले होते, सोळा वर्षांपूर्वी, बसमध्ये मांडीवर घेऊन. आमच्या घरची रीत तुला आईनंच सांगितली होती: देवी उंबरठ्याबाहेर पडली की मागे फिरत नाही, आणि वाटेत खाली टेकवायची नाही. म्हणजे तू बरोबर जागा पाहून बोट ठेवलंस. जो माणूस मागे फिरल्याशिवाय गल्ली ओलांडत नाही त्याच्या हातात तू मागे न फिरणारी देवी दिलीस. डॉक्टर जमवू शकत नाही ते देवीकडून करून घ्यायचं? मला याचा फार राग आला. जितेंद्र गाडी घेऊन तासाभरात नेऊ शकतो. त्याला का नाही सांगितलंस?

काल मारबत पाहायला गेलो. वाचनालयाला सुट्टी होती. पिवळ्या मारबतीचा भला मोठा पुतळा निघाला, पोरं ओरडत होती, रोगराई घेऊन जाय गे मारबत, महागाई घेऊन जाय, खड्डे घेऊन जाय. माझ्या शेजारी एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "सुनेचा मोबाईल घेऊन जाय गे मारबत!" सगळे हसले. मलाही ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. चाळीस-पन्नास हजार माणसांत कोणाला ऐकू आलं असतं? तरी नाही निघाला. गर्दीतून चालत घरी आलो आणि तुझ्या आईची आठवण झाली.

ते आजवर आपण दोघं बोललो नाही. तीन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात. सकाळी जितेंद्रचा फोन आला, "आईचं काही खरं नाही, लगेच निघा." आपण ऑटो केला. इंदोरा चौकात मी ऑटोवाल्याला म्हटलं, परत घे. तो म्हणाला, "भाऊ, घरी बुजुर्ग बिमार आहे म्हणता, अन् वापस?" मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. रस्त्याकडे पाहत राहिलीस. आपण परत आलो, मी आत गेलो, तू ऑटोतच बसून होतीस. मी बाहेर आलो आणि तुला म्हटलं, तू एकदा पाहून ये. तू उतरलीस. गेलीस. आलीस. म्हणालीस, "बंद आहे." आवाजात काही नव्हतं. मी ते मोजलं.

कन्हानला पोचलो तेव्हा आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती. जितेंद्र रडत म्हणाला, "ताई, काहून वेळ लागला वं? तुहंच नाव घेत होती." आणि तू म्हणालीस, "ऑटो पंक्चर झाला."

मी मान हलवली.

त्या दिवसापासून आजपर्यंत तू जितेंद्रला खरं सांगितलेलं नाहीस. मला तू कधी बोल लावला नाहीस, म्हणून मी धरून चाललो की तुला ते लागलं नाही. आज लिहिताना कळतं की हे धरून चालणं मला सोयीचं होतं. लग्नाला उशीर, 'यांना काम निघालं'. बारशाला उशीर, 'यांचं डोकं दुखत होतं'. सव्वीस वर्षं माझ्यावर पांघरूण घातलंस. माणसाजवळ दुसऱ्यासाठी बोलायचं खोटं किती असणार? साक्षगंधाच्या दिवशी दुर्गेशच्या आईनं विचारलं तेव्हा तुझ्याजवळचं संपलं होतं. आणि मी पहिल्या पत्रात तुलाच विचारलं, का सांगितलंस.

तो राग मी परत घेतो. महालक्ष्म्यांचा राग अजून आहे.

मुकुंद


नंदनवन
२७ ऑगस्ट २०२५

गोपिका,

आणतो.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, देवीच्या भीतीनं जाऊ नका, तीही तीच गोष्ट झाली, फक्त कुलपाच्या जागी देवी. जायचं तर शंका सोबत घेऊन जा. मला त्यांचं पटलं, पण भीती सोडून काय हातात धरून जायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

स्कूटर नेणार नाही. स्कूटर वळवता येते. बसनं येतो.

मुकुंद


नंदनवन
५ सप्टेंबर २०२५

गोपिका,

दारातलं तू पाहिलंस. त्याआधीचं तुला माहीत नाही, ते लिहितो. जितेंद्रला फोनवर जेवढं सांगितलं त्याहून ते जास्त आहे.

रविवारी सकाळी मी शेगडी पेटवलीच नाही. मुद्दाम. चहा पार्वतीबाईंकडे घेतला. अंघोळ थंड पाण्यानं केली. अकरा वाजता मुखवटे लाल कापडात गुंडाळले, छातीशी धरले, कुलूप लावलं, एकदा ओढलं. पार्वतीबाई ओट्यावर होत्या. त्यांनी मुखवट्यांना नमस्कार केला आणि मग आठवून तोंडावर हात ठेवला. मी निघालो. फाटकाबाहेर आलो, गल्ली ओलांडली. मागे पाहिलं नाही. गोपिका, त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

बसमध्ये एका बाईनं उठून जागा दिली, "दादा, लक्ष्म्या होय ना? बसा तुमी, पोरगा उभा राहीन." इंदोरा गेलं. ऑटोमोटिव्ह चौक गेला. कामठी आली. आणि कामठीच्या थांब्यावर बस उभी असताना मनात आलं, रेग्युलेटर.

सकाळी शेगडी पेटवलीच नव्हती. हे मला माहीत होतं. मी मनाला सांगितलं. मन म्हणालं, काल रात्री दूध तापवलं ना? मी म्हटलं, काल रात्री बंद केलं, पाहिलं. मन म्हणालं, आज सकाळी ओटा पुसताना हात लागला असेल. मी म्हटलं, येऊ दे शंका, उत्तर देत नाही. कंडक्टरनं घंटी मारली. मी उठलो. ती बाई म्हणाली, "दादा, कन्हान पुढं आहे." मी उतरलो.

तुला वाटेल की मी विसरलो हातात काय आहे. नाही विसरलो. उलट दिशेच्या बसमध्ये बसलो तेव्हा दोन्ही मुखवटे कापडातून माझ्या छातीला लागत होते, त्यांच्या नाकाचं टोकसुद्धा कळत होतं. आई आठवली. देवी मागे फिरत नाही. फिरवली मी. पूर्ण शुद्धीत.

घरी आलो. देवीला एका हातात धरून कुलूप उघडलं. स्वयंपाकघरात गेलो. बंद होतं. काही झालं नाही. देवीही रागावली नाही, भांडंसुद्धा पडलं नाही. सगळं जिथल्या तिथं होतं आणि मी मधोमध उभा होतो. मग मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. पार्वतीबाई धावत आल्या, दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "आलात वापस? देवीसकट?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "आता?"

दीड वाजला होता. मनात पहिलं काय आलं सांगतो. पुलाचं काम. मग, बस बंद पडली. मग, पार्वतीबाईंची तब्येत बिघडली, त्यांना दवाखान्यात नेलं. मी त्या समोर उभ्या असताना त्यांचं आजारपण रचत होतो. इतकं सोपं होतं ते. तुला रोज हेच करावं लागलं असेल, आणि तुला ते सोपं नसणार.

मग जितेंद्रला फोन लावला.

"भाऊजी, कुठं पोचले?"

"घरी आहे. कामठीहून परत आलो. गॅस पाहायला."

मागून बायकांचा आवाज येत होता, कोणीतरी पुरण वाटून राहिलं होतं.

"मुखवटे?"

"हातात आहेत."

"म्हणजे फिरवल्या तुमी?"

"हो. आणि जितेंद्र, दुसरं. तुझ्या आईच्या दिवशी ऑटो पंक्चर झाला नव्हता. मीच परत फिरवला होता. तुझ्या ताईला मीच थांबवलं."

हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. मला वाटलं तो फोन ठेवून देईल. मग म्हणाला, "आता निघता का नाही?" मी म्हटलं, निघतो, पण पुन्हा फिरेन की नाही सांगता येत नाही. तो म्हणाला, "फिरसान तर फिरसान. निघा."

दुसऱ्यांदा गल्लीच्या टोकावरून एकदा परत आलो. मग निघालो.

पुढचं तू पाहिलंस, पण मला दिसलं ते वेगळं असेल म्हणून लिहितो. साडेचार वाजत आले होते. दारात रांगोळीची पावलं होती. तू उंबरठ्याच्या आत, जितेंद्रची बायको ताट घेऊन, दुर्गेशचे आईवडील खुर्च्यांवरून उठून उभे. जितेंद्र माझ्याकडे पाहत नव्हता. जितेंद्रच्या बायकोनं पायावर पाणी घातलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?"

सोन्याच्या पावलानं, म्हणायचं असतं. माझी आई म्हणायची तेव्हा मी लहानपणी मागे उभा राहून तिच्याबरोबर ओठ हलवायचो. मला ते म्हणता आलं नाही. देवी हातात धरून कसं म्हणणार? मी म्हटलं, "कामठीहून परत फिरलेल्या पावलानं आली."

दुर्गेशची आई म्हणाली, "अगं बाई, असं नाही म्हणत हो." आणि मी सगळं सांगितलं, उंबरठ्यावर उभा राहूनच. साक्षगंधाच्या दिवशीचंसुद्धा. फार बोललो असेन, दिपालीनं मान खाली घातली होती. तुझ्या माहेरचं कोणीतरी म्हणालं, "जवाई, आत तर या." तेव्हा तू बोललीस. "बोलू द्या त्यायले. झालं की येतील."

तुझा आवाज मी ऐकला. त्यात माया होती की कंटाळा होता हे मला कळलं नाही, आणि मी ते तोललं नाही. मी आत आलो.

तीन दिवस राहिलो. तुला एकदाही विचारलं नाही. पण लपवत नाही: सोमवारी सकाळी पार्वतीबाईंना फोन करून त्यांना दाराशी जाऊन वास येतो का पाहायला लावलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं मले बोलाले मना केलं आहे," आणि फोन ठेवला. सोळा भाज्यांच्या पानावर बसून मी काय जेवलो मला आठवत नाही. दिपाली आंबील वाढायला आली, म्हणाली, "बाबा, अजून घ्या," आणि पुढं सरकली. तिला माझ्याकडे पाहायला वेळ नव्हता. बरं वाटलं.

मंगळवारी विसर्जन झाल्यावर तू माझ्याबरोबर येशील असं मला वाटलं होतं. तू थांब्यापर्यंत आलीस. "मी येत नाही अजून," म्हणालीस. बस आली तेव्हा तू विचारलंस, "लग्नाच्या दिवशी काय करसान?"

त्याचं उत्तर तीन दिवस विचार करून आता देतो.

लग्न ३० नोव्हेंबरला. कन्यादानाला मी असेन असं वचन मी देत नाही. वचन दिलं की तुला पुन्हा माझ्यासाठी रस्त्याकडे पाहत बसावं लागेल. मी आदल्या दिवशी सकाळी सातला निघेन. त्यात चार-पाच वेळा परत फिरायला जागा आहे. गोळी चालू आहे, अभ्यास चालू आहे, काल फाटकातून तीन वेळा परत आलो, अकरा वेळा नाही. तरी नाही पोचलो तर मुहूर्त थांबवू नका. जितेंद्रनं कन्यादान करावं. मी त्याला हे वेगळं सांगितलं आहे. तो म्हणाला, "करीन. पण तुमच्यावरचा माहा राग गेला नाही अजून." मी म्हटलं, नको जाऊ देऊ इतक्यात.

आणि त्या दिवशी कोणी तुला विचारलं, मुलीचे बाबा कुठं आहेत, तर तू काही सांगायचं नाहीस. खोटं नाही आणि खरंही नाही. ते काम आता तुझं नाही. दारात बोललो ते घाईत आणि अर्धवट होतं, म्हणून रामटेकला दुर्गेशच्या वडिलांना मी सहा पानांचं पत्र लिहिलं. आजाराचं नाव, डॉक्टरीणबाईंचं नाव, किती वर्षं आहे, तुझ्या आईचं काय झालं, सगळं. त्यांना वाटलं तर त्यांनी सोयरीक मोडावी असंही लिहिलं. दिपालीला आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टाका."

आज सकाळी वाचनालयात जाताना ते पेटीत टाकलं. टाकल्यावर वाटलं, पत्ता बरोबर लिहिला का? रामटेकचा पिन नंबर चुकला तर? पाकीट नीट चिकटवलं होतं का? पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली, आत काही लागत नाही. पेटी उघडायला पोस्टमन दुपारी चारला येतो. मी दहा मिनिटं तिथं उभा होतो. मग कामावर गेलो.

मुकुंद